नवीन बिंग सर्च इंजिन: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं (जून २००९)

३ जून २००९ ला बिंग सगळ्यांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून मेलमध्ये रोज तेच तेच प्रश्न येतायत, काही पुण्या-मुंबईतून, काही पार अमेरिकेतल्या न्यू जर्सी आणि बे एरियातून, म्हणून म्हटलं एकेकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा सगळं एका जागी नीट लिहून ठेवू. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट खाली आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहायचं टाळलंय, त्यामुळे मध्येच "अमुक नंबर बघा" दिसलं तर तिकडे जा. खाली जिथे 'आत्ता', 'सध्या' किंवा 'गेल्या वर्षी' आहे तिथे ते जून २००९ च्या हिशोबाने वाचा.

१. बिंग म्हणजे नक्की काय? गूगलसारखंच आहे का?

हो, सर्च इंजिनच आहे, मायक्रोसॉफ्टचं. आत्तापर्यंत ज्याला लाइव्ह सर्च म्हणत होते तेच आता नवीन नाव, नवीन रूप आणि आतमध्ये बरीच दुरुस्ती करून आलंय. २८ मे ला कॅलिफोर्नियात ऑल थिंग्ज डिजिटल कॉन्फरन्समध्ये मायक्रोसॉफ्टचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी ते पहिल्यांदा लोकांसमोर दाखवलं. त्याआधी कंपनीच्या आत त्याची चाचणी 'कुमो' या नावाने चालू होती, म्हणून काही जुन्या बातम्यांमध्ये ते नाव दिसेल, गोंधळू नका. जाहिरातीत ते याला 'डिसिजन इंजिन' म्हणतात, म्हणजे नुसत्या लिंका देणार नाही तर निर्णय घ्यायला मदत करणार असा दावा. तो दावा कितपत खरा ते ५ आणि १५ मध्ये लिहिलंय.

२. मग पाटी बदलली, दुकान तेच असंच ना?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि शंका येणं बरोबरच आहे कारण मायक्रोसॉफ्टची ही सवयच झालीये. १९९८ ला एमएसएन सर्च सुरू झालं तेव्हा त्यातले निकाल स्वतःचे नव्हतेच, इंक्टोमी आणि लुकस्मार्टसारख्या दुसऱ्या कंपन्यांकडून घेतलेले असायचे. स्वतःचं इंजिन त्यांनी खऱ्या अर्थाने आणलं ते २००५ च्या सुरुवातीला, तोपर्यंत गूगल कुठच्या कुठे निघून गेलं होतं. मग २००६ मध्ये नाव झालं विंडोज लाइव्ह सर्च, २००७ मध्ये त्यातलं विंडोज काढून लाइव्ह सर्च, आणि आता बिंग. अकरा वर्षांत चौथं नाव. लोकांच्या तोंडात एक नाव बसेपर्यंत दुसरं आलं तर कोण लक्षात ठेवणार?

पण या वेळी फक्त पाटी बदललीये असं मला वाटत नाही. २००८ मध्ये त्यांनी पॉवरसेट नावाची कंपनी घेतली, जी वाक्याचा अर्थ समजून शोधण्यावर काम करत होती, त्याच वर्षी फेअरकास्ट घेतली, विमानाच्या तिकिटाची किंमत वाढेल का उतरेल याचा अंदाज देणारी, आणि ही दोन्ही कामं आता बिंगमध्ये आलीयेत. निकालाच्या पानाची मांडणी तर मुळापासून बदललीये. मागचा कारखाना, म्हणजे वेबची पानं गोळा करणारी यंत्रणा, ती मात्र जुनीच पुढे चालू आहे (साइटवाल्यांनी १९ बघा).

३. एवढी जाहिरात कशासाठी चाललीये?

कारण मार्केटमध्ये जागाच नाहीये. नेटचा वापर मोजणाऱ्या कॉमस्कोर या कंपनीच्या मे महिन्याच्या आकड्यांप्रमाणे अमेरिकेतल्या सर्चमध्ये गूगल ६५ टक्के, याहू २० टक्के आणि मायक्रोसॉफ्ट जेमतेम ८ टक्के. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी याहूच विकत घ्यायला ४४.६ अब्ज डॉलरची बोली लावली होती, ती मे मध्ये मागे घेतली. म्हणजे विकत घेऊन पुढे जायचा रस्ता बंद झाला, आता स्वतःचंच विकायचं. जाहिरातीचं बजेट ८ ते १० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आहेत.

४. होमपेजवर तो मोठा फोटो कशाला? माझं नेट स्लो आहे, लोड व्हायला वेळ लागतो.

फोटो रोज बदलतो, आणि त्याच्यावर माउस फिरवलात की मध्येमध्ये छोटे चौकोन उजळतात, त्यात त्या जागेबद्दल किंवा प्राण्याबद्दल एकेक ओळ असते आणि क्लिक केलं की त्याचा सर्च उघडतो. मला हे मनापासून आवडलंय. गूगलचं पांढरं पान आपण रोज बघतो आणि त्यात बघण्यासारखं काही नसतंच, इथे सकाळी उघडलं की कुठला तरी डोंगर नाहीतर समुद्र, आणि दोन मिनिटं त्या चौकोनांमध्ये जातात.

पण स्लो नेटवाल्यांची तक्रार रास्त आहे, विशेषतः ज्यांचा डाऊनलोड लिमिटचा प्लॅन आहे त्यांची. त्यावर साधा उपाय म्हणजे होमपेजवर जाऊच नका, ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या सर्च बॉक्समधूनच बिंगला विचारा (कसं ते १३ मध्ये), मग थेट निकालाचं पान येतं आणि त्यावर मोठा फोटो नसतो.

५. निकालाच्या पानावर डावीकडे ती पट्टी कसली आहे?

बिंगमध्ये नवीन काय, असं मला एकाच वाक्यात विचारलं तर मी या पट्टीकडे बोट दाखवेन. तुम्ही काय शोधताय त्याप्रमाणे ती बदलते. इंग्लिशमध्ये डायबेटिस टाकून बघा, डावीकडे लक्षणं, आहार, गुंतागुंत, प्रतिबंध, टेस्ट असे विषय येतात, आणि निकालसुद्धा त्याच गटांमध्ये खाली खाली लावलेले असतात. एखाद्या गायकाचं नाव टाकलं तर गाणी, गाण्यांचे बोल, चरित्र असे गट येतात. म्हणजे ज्याला शब्द नीट माहीत नाहीत त्यालाही पुढे काय विचारायचं ते समोर दिसतं. घरात नुकताच कुणाचा तरी रिपोर्ट आलाय आणि काय टाइप करायचं तेच कळत नाहीये, त्या माणसासाठी दहा निळ्या लिंकांपेक्षा हे कितीतरी बरं आहे. तब्येतीच्या काही विषयांवर मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या नावाजलेल्या हॉस्पिटलचा मजकूर थेट दिलाय, तेही चांगलं केलंय.

त्याच पट्टीत खाली संबंधित सर्च आणि तुम्ही आधी केलेले सर्च दिसतात. हे दुसरं सगळ्यांना चालेलच असं नाही, त्याबद्दल १४ बघा.

अडचण अशी की हे गट सगळ्या शब्दांना येत नाहीत. आजार, शहरं, गाड्या, कलाकार, वस्तू अशा ठराविक जातीच्या सर्चला येतात, बाकीच्यांना साधीच यादी. आणि गूगल काही झोपलेलं नाहीये, मे महिन्यातच त्यांनीही डावीकडे सर्च ऑप्शन्सची पट्टी आणलीये, पण तिचा मुख्य भर वेळेनुसार आणि प्रकारानुसार गाळण्यावर आहे.

६. निकालाच्या उजवीकडे एक उभी रेघ दिसते, त्यावर माउस नेला की काहीतरी उघडतं, ते काय?

ती प्रिव्ह्यूची सोय. रेघेवर नारिंगी ठिपका असतो, तिथे माउस नेला की शेजारी एक चौकट उघडते आणि त्या पानावरचा थोडा मजकूर, आतल्या काही लिंका, कधीकधी फोन नंबरसुद्धा दिसतो. म्हणजे पान उघडायच्या आधीच कळतं की आत कामाचं आहे का नुसत्याच जाहिराती आहेत. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसणाऱ्याला याची किंमत कळेल. फक्त ती रेघ माउस जवळ नेल्याशिवाय दिसतच नाही, त्यामुळे निम्म्या लोकांना अशी सोय आहे हेच कळलेलं नाही.

७. तुम्ही म्हणता ती पट्टी-बिट्टी माझ्याकडे येतच नाही. माझं बिंग वेगळं आहे का?

वेगळंच आहे. पूर्ण बिंग सध्या फक्त अमेरिकेसाठी आहे, भारतासकट बाकी बऱ्याच देशांत लोगोजवळ 'बीटा' लिहिलेलं दिसेल, आणि तिथे निम्म्याहून जास्त सोयी नाहीत. वर उजव्या कोपऱ्यात देशाचं नाव असतं, त्यावर क्लिक करून युनायटेड स्टेट्स इंग्लिश निवडा, मग सगळं दिसायला लागेल.

मला ही गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहितो. भारतात माणूस उत्सुकतेने पहिल्यांदा बिंग उघडतो, त्याला फोटो सोडला तर नवीन काहीच दिसत नाही, आणि तो "काही खास नाही" म्हणून कायमचा परत जातो. पहिलं मत एकदाच बनतं. अर्धवट घेऊन यायचं होतं तर थोडं थांबून पूर्ण घेऊन यायला हवं होतं.

आणि हो, देश अमेरिका केला की हवामान, बातम्या, दुकानं सगळं अमेरिकेचं येणार, त्यामुळे रोजच्या कामाला परत इंडिया करावं लागेल. न्यू जर्सी आणि बे एरियावाल्यांना हा त्रास नाही, त्यांना जे दिसतंय तेच खरं बिंग.

८. इमेज आणि व्हिडिओ सर्च कसं आहे?

मस्त आहे. इमेजमध्ये 'पुढचं पान' नावाचा प्रकारच नाही, खाली सरकत जा, फोटो येत राहतात. साइझ, रंग, फोटो आहे का चित्र, नुसता चेहरा का खांद्यापर्यंत, असे फिल्टर आहेत. शाळेच्या प्रोजेक्टसाठी चित्रं शोधणाऱ्यांनी हे आवर्जून वापरून बघा. व्हिडिओमध्ये छोट्या चित्रावर माउस नेला की तिथल्या तिथेच तुकडा वाजायला लागतो, आवाजासकट, त्यामुळे ऑफिसात स्पीकर बंद ठेवा.

९. त्या व्हिडिओ प्रिव्ह्यूबद्दल काहीतरी वाद झाला म्हणे? घरात मुलं नेट वापरतात.

झाला, आणि गंभीर होता. सेफसर्च, म्हणजे अश्लील निकाल गाळणारी सोय, बंद केलं तर अश्लील व्हिडिओचे तुकडेसुद्धा निकालाच्या पानावरच वाजायचे, त्या साइटवर जायचीही गरज नाही. शाळांमधले आणि ऑफिसांमधले फिल्टर साइटच्या पत्त्यावरून अडवतात, आणि हे तुकडे तर बिंगच्याच पत्त्यावरून येत होते, म्हणजे फिल्टरला कळणारच कसं. आरडाओरडा झाल्यावर मायक्रोसॉफ्टने अशा सगळ्या चित्र-व्हिडिओंसाठी वेगळा पत्ता केला, एक्सप्लिसिट डॉट बिंग डॉट नेट, आता तुमच्या फिल्टरमध्ये तेवढा एक पत्ता बंद केला की काम होतं. लवकर दुरुस्त केलं हे चांगलं, पण लाँचच्या आधीच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

भारताच्या सेटिंगवर हा प्रश्न येतच नाही, कारण तिथे उलटाच प्रकार आहे. पुढचा प्रश्न वाचा.

१०. काही शब्द टाकले की निकालच येत नाहीत, "तुमच्या देशात कडक सेफसर्च लागतं" अशा अर्थाचा मेसेज येतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. बिंगने भारतासाठी सेफसर्च कडक करून ठेवलंय आणि ते तुम्हाला बंदच करता येत नाही, त्यामुळे काही इंग्लिश शब्द टाकले की निकालांऐवजी नुसता तो मेसेज येतो. आणखीही काही देशांत असंच आहे. देश बदलून अमेरिका केला (७ मध्ये सांगितलंय तसं) की तोच शब्द चालतो, म्हणजे ज्याला अडवायचंय तो एका क्लिकमध्ये बाहेर, आणि अडकतो कोण, तर वयात आलेल्या मुलीच्या शंकांना उत्तर शोधणारी आई, किशोरवयीन मुलांना आरोग्य शिकवणारे शिक्षक, आपल्या आजाराबद्दल डॉक्टरला विचारायला लाजणारा माणूस. माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीचं सेटिंग खुशाल कडक ठेवा, पण मोठ्या माणसाला ते स्वतः बदलता आलं पाहिजे.

११. विमानाचं स्वस्त तिकीट सांगतं आणि खरेदीवर पैसे परत देतं असं ऐकलं. आपल्याकडे चालतं का?

नाही. बिंग ट्रॅव्हल हे जुनं फेअरकास्ट, आजवरच्या किमतींचा अभ्यास करून "आत्ता घ्या" किंवा "थांबा, उतरेल" असं सांगतं, पण त्याचा सगळा भर अमेरिकन शहरांतून सुटणाऱ्या विमानांवर आहे. तिकडे राहणाऱ्यांनी देशातल्या देशात जाताना जरूर बघा. कॅशबॅक गेल्या वर्षी मे मध्ये लाइव्ह सर्चच्या नावाने सुरू झालं होतं, तेही फक्त अमेरिकेत.

१२. माझं हॉटमेल आणि मेसेंजर बंद होणार का? लाइव्ह आयडीचं काय?

काहीही होत नाही. नाव बदललंय ते फक्त सर्चचं. हॉटमेल, मेसेंजर, लाइव्ह आयडी (मायक्रोसॉफ्टच्या सेवांचं लॉगिन) सगळं आहे तसंच, पासवर्ड तोच. जुन्या लाइव्ह सर्चच्या पत्त्यावर गेलात तर आपोआप बिंगवर पोचाल. नकाशे आता बिंग मॅप्स झालेत. "बिंगसाठी अकाउंट परत व्हेरिफाय करा" असा मेल आला तर तो फसवणुकीचा समजा आणि डिलीट करा, सर्च करायला अकाउंट लागतच नाही.

१३. फायरफॉक्समध्ये चालतं का? का इंटरनेट एक्सप्लोररच लागतं?

सगळीकडे चालतं. फायरफॉक्समध्ये वरच्या सर्च बॉक्सच्या बाणावर क्लिक करून बिंग ॲड करा. एक्सप्लोरर ८ मध्येही तसाच बाण आहे, त्यातून सर्च प्रोव्हायडर निवडायचा. ज्यांच्याकडे अजून एक्सप्लोरर ६ आहे त्यांना कळकळीची विनंती, बिंग राहू दे, आधी ब्राउझर बदला.

१४. मी काय शोधतो ते डावीकडे दिसतं. घरी एकच कॉम्प्युटर आहे हो, कसं बंद करायचं?

त्या यादीच्या खालीच सगळं पुसण्याचा आणि हिस्टरी बंद करण्याचा पर्याय आहे. एकदा बंद केलं की त्या ब्राउझरवर दिसणार नाही. कॅफेत बसणाऱ्यांनी उठायच्या आधी हे न चुकता करा.

पण हे झालं तुमच्या स्क्रीनवरचं. कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या सर्चची नोंद राहतेच, मायक्रोसॉफ्ट १८ महिन्यांनी त्यातली तुमची ओळख पुसते, गूगलने ही मुदत गेल्या वर्षी ९ महिन्यांवर आणली आणि याहूने ३ महिन्यांवर. प्रायव्हसी ज्यांना महत्त्वाची वाटते त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. नवीन नावाबरोबर हा आकडाही कमी केला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

१५. एका वाक्यात सांगा, गूगलपेक्षा चांगलं आहे का?

एका वाक्यात: इंग्लिशमध्ये आजार, प्रवास, खरेदी, फोटो यासाठी बरोबरीचं आणि कधी वरचढ, मराठीसाठी आणि नेमकं एखादं अडनिडं पान शोधायला मी अजून गूगलवरच जातो.

आता जरा सविस्तर. बहुतेक जण नवीन सर्च इंजिनमध्ये पहिलं काय टाकतात, तर स्वतःचं नाव. त्यातून काही कळत नाही. ज्या विषयातलं तुम्हाला स्वतःला खोलवर माहीत आहे तो विषय टाका. तुम्ही शेतकी कॉलेजात असाल तर डाळिंबावरचा तेल्या रोग टाका, ट्रेकर असाल तर रायगड टाका आणि बघा की किल्ला येतोय, जिल्हा येतोय का छत्तीसगडचं रायगढ मध्ये घुसतंय, वकील असाल तर एखादं कलम टाका. पहिल्या पाच निकालांत योग्य पान आहे का, हे तुम्हाला एका नजरेत कळेल आणि मला कधीच कळणार नाही, म्हणूनच माझ्यावर काय किंवा पेपरातल्या रिव्ह्यूवर काय, विसंबू नका.

दुसरं म्हणजे सवय. गूगलचा लोगो दिसला की निकाल चांगलेच वाटतात, हे आपल्या सगळ्यांचं होतं. यावर मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने ब्लाइंड सर्च नावाचं पान बनवलंय, त्यात एक शब्द टाकला की गूगल, याहू आणि बिंगचे निकाल तीन रकान्यांत नाव न दाखवता येतात, आवडेल त्याला मत द्यायचं, मग नावं उघड होतात. करून बघा, अंदाज चुकतात. मात्र त्यात फक्त लिंका शेजारी शेजारी येतात, ५ मध्ये सांगितलेली मांडणी दिसत नाही, त्यामुळे बिंगची जी खरी जमेची बाजू आहे ती त्या परीक्षेत मोजलीच जात नाही.

१६. बिंगने याहूला मागे टाकलं ही बातमी खरी आहे का?

एका दिवसापुरती. स्टॅटकाउंटर या साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या कंपनीने ४ जूनचे अमेरिकेतले आकडे दिले त्यात बिंग साधारण १६ टक्के आणि याहू १० टक्के होतं. नवीन गोष्ट बघायला झुंबड उडते, त्यात आश्चर्य नाही. शिवाय स्टॅटकाउंटर आणि ३ मध्ये दिलेलं कॉमस्कोर यांची मोजायची पद्धतच वेगळी आहे, एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून वाढ झाली असं म्हणू नका. पूर्ण महिन्याचे आकडे येऊ देत.

१७. गेल्या वर्षी क्यूल आलं होतं, आत्ता वुल्फ्रम अल्फा आलं. हेही तसंच विरून जाईल का?

तीनही वेगळी आहेत. क्यूल जुलै २००८ मध्ये आलं, गूगलमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलं होतं, १२० अब्ज पानांचा दावा केला आणि पहिल्याच दिवशी निकाल इतके विचित्र आले की लोक परत फिरकले नाहीत. वुल्फ्रम अल्फा हे सर्च इंजिनच नव्हे, ते वेबवर शोधत नाही, स्वतःजवळच्या माहितीवरून हिशोब करून उत्तर देतं, गणित-विज्ञानवाल्यांनी जरूर वापरा. बिंगमागे मायक्रोसॉफ्टचा पैसा आहे, ऑनलाइन विभागाचे प्रमुख म्हणून याहूतून आणलेले ची लू आहेत आणि संशोधनाची बाजू सांभाळायला आपल्या हैदराबादचे सत्या नाडेला आहेत, त्यामुळे ते दोन महिन्यांत गायब होणार नाही.

मात्र धाकट्या सोयी गायब होऊ शकतात. गेल्या वर्षी मे मध्येच लाइव्ह सर्च बुक्स बंद केलं, साडेसात लाख पुस्तकं स्कॅन करून झाल्यावर. इतकं काम करून सोडून दिलेलं बघून मला खरंच वाईट वाटलं होतं.

१८. मराठीत कसं शोधतं?

देवनागरीत टाइप करा, निकाल येतात. पण मराठीची अडचण कुठल्याही सर्च इंजिनला आहे आणि ती समजून घेतली तर तुमचंच काम सोपं होईल.

आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतो आणि चिकटताना मूळ शब्दही बदलतो. कोल्हापूर, पण कोल्हापुरात, तिथे दीर्घ पू चा ऱ्हस्व पु झाला. पाणी, पण पाण्यात. इंग्लिशमध्ये 'इन' वेगळा शब्द असतो म्हणून गावाचं नाव तसंच राहतं, आपल्याकडे मशीनला हे दोन वेगळेच शब्द वाटतात. म्हणून "कोल्हापुरात राहण्याची सोय" असं बोलल्यासारखं न लिहिता "कोल्हापूर हॉटेल", "कोल्हापूर धर्मशाळा", "कोल्हापूर भक्त निवास" असं सुटं सुटं टाकून बघा, आणि नाही मिळालं तर प्रत्ययासकट परत टाका.

दुसरी अडचण फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधलं पान आपल्याला मराठी दिसतं पण आत कॉम्प्युटरने इंग्लिश अक्षरं साठवलेली असतात, त्यामुळे देवनागरीत शोधलं तर ते पान सापडणारच नाही, बिंगमध्ये नाही आणि गूगलमध्येही नाही. काही वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांचं हेच झालंय. वर्षानुवर्षांचा मजकूर नेटवर आहे आणि तरी हाती लागत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, लिहिणं हाच त्यावर उपाय, आणि तो लिहिणाऱ्याच्या हातात आहे, सर्च इंजिनच्या नाही.

तिसरं, मराठी शब्द इंग्लिश अक्षरांत लिहून शोधणारे. उकडीचे मोदक पाच जण पाच स्पेलिंगने लिहितात, म्हणून एकाने नाही आलं तर दुसरं टाका, आणि इंजिनने वर सुचवलेली इंग्लिश 'दुरुस्ती' डोळे मिटून घेऊ नका.

१९. माझी साइट आहे. बिंगमध्ये यायला परत नोंदणी करावी लागेल का?

नाही. पानं गोळा करणारा रोबो अजून एमएसएनबॉट याच नावाने येतो, त्यामुळे रोबोट्सच्या फाइलमध्ये (कुठल्या रोबोला आत येऊ द्यायचं ते सांगणारी साइटवरची robots.txt) काही बदलू नका. लाइव्ह सर्चचं वेबमास्टर सेंटर, म्हणजे साइटवाल्यांसाठीचं पान, आता बिंगचं झालंय, जुन्याच लाइव्ह आयडीने आत जाता येतं. ज्यांनी पूर्वी कधी वैतागून एमएसएनबॉटला फाइलमध्येच बंदी घातली होती आणि विसरून गेले, त्यांनी तेवढं तपासा, कारण तसं असेल तर तुमची साइट बिंगमध्ये दिसणार नाही.

आणि ६ मधल्या प्रिव्ह्यूच्या चौकटीत तुमच्याच पानावरचा मजकूर जातो, म्हणून पानाच्या सुरुवातीला नुसता मेनू आणि जाहिराती न ठेवता कामाच्या दोन ओळी वर घ्या.

२०. गूगलच्या ट्रिका इथे चालतात का?

नेहमीच्या चालतात: अवतरण चिन्हात पूर्ण वाक्य, नको त्या शब्दाआधी वजा, एकाच साइटमध्ये शोधायला साइट कोलन, पीडीएफ वगैरेसाठी फाइलटाइप कोलन. बिंगच्या स्वतःच्या दोन आहेत ज्या गूगलकडे नाहीत. आयपी कोलन आणि पुढे सर्व्हरचा नंबर दिला की त्याच सर्व्हरवरच्या बाकी साइट दिसतात, आणि लिंकफ्रॉमडोमेन कोलन दिलं की एखादी साइट बाहेर कुणाकुणाला लिंक देते ते कळतं. (हे खास शब्द इंग्लिश अक्षरांत टाका, मध्ये जागा सोडू नका.)

२१. माझ्या लेखात "दुसऱ्या" हा शब्द आहे, तोच सर्चमध्ये टाकतो तरी लेख येत नाही. बिंगही नाही, गूगलही नाही. असं का?

हा प्रश्न एकाच काकांचा आला, पण इतका चांगला होता की घेतलाच. "ऱ्या" दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे या. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि या. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, आत कोड वेगळे. तुम्ही लेख एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिला असेल आणि सर्च दुसऱ्या कीबोर्डने केला असेल तर इंजिनला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. तपासायचं सोपं आहे: लेखातलाच शब्द कॉपी करून सर्चमध्ये पेस्ट करा. आता सापडला तर गडबड टायपिंगची. नाही सापडला तर बहुधा लेखाचं पानच अजून इंडेक्समध्ये, म्हणजे इंजिनने गोळा केलेल्या पानांच्या यादीत, आलेलं नाही, मग १९ बघा.

हीच गोष्ट चऱ्हाट, कऱ्हाड, बिऱ्हाड, शेतकऱ्यांना या सगळ्यांना लागू आहे. जुने लेख सगळे परत टाइप करत बसू नका, पण शीर्षकात असा शब्द असेल तर तेवढं शीर्षक तरी ऱ हे वेगळं अक्षर वापरून दुरुस्त करा. विंडोजच्या मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ते शिफ्ट आणि जे दाबून येतं.